करारानें दिलेल्या आंबाबागा

ज्येष्ठ संपत आला, कीं कोंकणांतील आंब्याचा हंगाम आटोपतो. शेवटच्या पेट्या बाजारास जातात, गवताची आढी मोडते, आणि त्याच सुमारास बागाइतदाराच्या ओटीवर दुसऱ्या एका व्यवहाराची बोलाचाल सुरू होते. ती म्हणजे पुढील सालासाठीं बाग करारानें देण्याची. मालक मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेला असतो. गांवींच राहणारा असला तरी मुलांच्या फीची, घराच्या डागडुजीची किंवा सोसायटीच्या हप्त्याची निकड त्याच्या मागें असते. करारदार येतो, बागेंतून एक फेरी मारतो, झाडें मोजतो, एक आंकडा बोलतो, आणि चहा संपेपर्यंत व्यवहार ठरतो. कागद क्वचितच होतो. झाला तरी त्यांत पैसे देण्याच्या तारखा असतात. झाडाविषयीं एक अक्षर नसतें. या उणिवेसंबंधानें आम्हांस आज आमच्या बागाइतदार बंधूंशीं कांहीं स्पष्ट बोलावयाचें आहे.

बाग करारानें देणें यांत गैर कांहींच नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों. कोंकणांतील कित्येक घरांतून बाग सांभाळण्यास माणूस उरलेलें नाहीं. तुडतुडा, भुरी, करपा, फुलकिडे यांच्या फवारण्या वेळच्या वेळीं करणें, वानरांपासून राखण करणें, आंबे काढणें, पेट्या भरणें आणि त्या वाशीस किंवा पुण्यास पोहोंचविणें हें एकट्या वृद्ध गृहस्थाच्या हातून होणारें काम नव्हे. करारदार तें करतो, त्यासाठीं स्वतःचें भांडवल घालतो, आणि अवेळीं पाऊस पडून मोहोर काळा पडला तर नुकसानही सोसतो. त्याच्या नफ्याचा हेवा करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. करारानें आपण फळ विकतों अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षांत पुष्कळदां आपण झाडच विकून बसतों, आणि तेंही फळाच्या किंमतीस.

हें ज्या औषधामुळें घडतें त्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. पॅक्लोब्युट्राझोल हें त्याचें शास्त्रीय नांव. गांवोगांव तें कल्टार या बाजारी नांवानेंच ओळखतात. झाडाच्या अंगांत जिबरेलिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, व त्यांच्या जोरावर फांद्या लांबतात आणि पालवी फुटते. हें औषध मुळांवाटे वर चढून त्या द्रव्यांची उत्पत्ति रोखतें. वाढ थांबली, कीं झाडाचा सांठा मोहोराकडे वळतो. मोहोर लवकर येतो, आणि ज्या वर्षीं झाड एरवीं विसावलें असतें त्या वर्षींही येतो. एक वर्षाआड फळण्याची हापूसची जुनी खोड ज्यांनीं सोसली आहे त्यांस या औषधाचें महत्त्व सांगावयास नको. मार्चांत बाजारांत पोहोंचलेल्या पेटीचा भाव आणि मे अखेरचा भाव यांतील अंतरही त्यांस चांगलें माहीत आहे.

दापोलीच्या कृषि विद्यापीठानें याचें प्रमाण पूर्वींच ठरवून दिलेलें आहे. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर असा दोन्ही बाजूंनीं मोजावा, दोहोंची सरासरी काढावी, आणि विस्ताराच्या दर मीटरास शेंकडा २३ तीव्रतेचें औषध ३ मिलिलिटर घ्यावें. म्हणजे आठ मीटर विस्ताराच्या झाडास २४ मिलिलिटर झालें. तें पाण्यांत मिसळावें. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या साधारण मध्यावर गोलाकार २५ ते ३० लहान खड्डे, १० ते १२ सेंटिमीटर खोलीचे, घ्यावे आणि त्यांत तें सारखें वांटून ओतावें. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाड निदान दहा वर्षांचें व सशक्त असावें, पाऊस कोसळत असतां औषध ओतूं नये, आणि ज्या झाडास औषध घालावयाचें त्यास खत पुरतें मिळालेलें असावें.

या शेवटल्या अटीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. औषध म्हणजे खत नव्हे. तें झाडाच्या कोठारांत कांहीं भरीत नाहीं. उलट कोठारांतून अधिक काढून घेण्यास झाडास भाग पाडतें. दहा वर्षांवरील झाडास दर वर्षीं ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश द्यावें अशी शिफारस आहे. पावसाच्या आरंभीं विस्ताराच्या कडेपासून थोडें आंत उथळ चर खणून तें द्यावयाचें असतें. जांभ्या दगडाच्या कातळावर, जेथें माती हातभरही नाहीं आणि जीवर दर पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी कोसळतें, तेथें या खताची गरज किती आहे हें वेगळें सांगणें नको. तरीही औषध वर्षानुवर्षें चालू आहे आणि शेणाची एक पाटी पडलेली नाहीं, अशा बागा आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या आहेत.

आतां एका वर्षाच्या करारानें बाग घेणाऱ्या माणसाच्या जागीं वाचकांनीं स्वतःस ठेवून पाहावें. पुढील वर्षीं ही बाग त्याच्याकडे राहील याची शाश्वति नाहीं. मालकास दिलेली उचल त्याला याच मोसमांत वसूल करावयाची आहे. २४ मिलिलिटरांनीं मोहोर येईल, पण ५० नीं तो खात्रीनें येईल असें त्याचें मन त्याला सांगतें. जादा औषधाचा खर्च पेटीच्या भावापुढें किरकोळ. आणि जादा औषधाचा भोग झाड भोगील तें पुढल्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे तो निघून गेल्यावर. खत घातलें तर त्याचा लाभ पुढच्यास, मग शेणखताच्या पाट्या त्यानें कशासाठीं वाहाव्या? अशा स्थितींत झाड राखणारा करारदार भेटला तर तो सज्जन समजावा. आणि असे सज्जन आहेतही. परंतु सज्जनपणाच्या भरंवशावर आजानें लावलेली बाग सोंपविणें हा व्यवहार नव्हे.

हें आम्ही दुसऱ्याच्या अंगणांत डोकावून लिहीत नाहीं. आमचीं स्वतःचीं ४० झाडें आम्हीं तीन वर्षांच्या बोलीनें दिलीं होतीं. करार तोंडी. पहिल्या वर्षीं झाडें अशीं लगडलीं कीं वाटसरू थांबून पाहत, आणि आम्हीं स्वतःच्या हुषारीबद्दल मनांतल्या मनांत समाधान मानलें. दुसरें वर्ष बरें गेलें. तिसऱ्या वर्षीं मोहोर आला तो मुठीसारखा आंवळलेला, आणि त्यांतील फळ वाटाण्याएवढें होऊन गळलें. बाग परत ताब्यांत आली तेव्हां खोपीमागें रिकाम्या बाटल्यांचा ढीग सांपडला. त्यांत एका सालच्या तारखेच्या एकेका लिटरच्या चार बाटल्या होत्या. आम्हीं तेथेंच उभे राहून हिशेब केला. चाळीस झाडें, सरासरी विस्तार आठ मीटर; दर झाडास २४ मिलिलिटर धरलें तर सगळ्या बागेस वर्षाकाठीं ९६० मिलिलिटर, म्हणजे एक लिटरही पुरता लागत नाहीं. घातलें होतें चार लिटर, तेंही बुंध्याला खेटून. करारदारास दोष देणें सोपें होतें व तो आम्हीं यथेच्छ दिला. पण तीन वर्षांत जुलै महिन्यांत आम्ही एकदांही बागेकडे फिरकलों नव्हतों, ही गोष्ट त्यामुळें खोटी होत नाहीं. तो आमच्या अपरोक्ष कांहीं लपवून करीत होता असेंही नाहीं. पाहणारें कोणी नव्हतें, इतकेंच.

अशा झाडाचीं लक्षणें ओळखण्यास मोठें शास्त्र नको. नव्या फांदीच्या दोन पेऱ्यांमधलें अंतर बोटाच्या पेराहूनही कमी होतें; पानें लहान होऊन टोंकाशीं झुबक्यासारखीं दाटतात; मोहोराचा तुरा मोकळा न सुटतां गोळा होऊन राहतो, व अशा दाट तुऱ्यांत औषधाची फवार आंत पोहोंचत नसल्यानें कीड आणि भुरी सुखानें नांदतात. पावसाळा सरला तरी पालवी येत नाहीं. सालीस चिरा जाऊन डिंक गळूं लागतो, शेंड्याकडून डहाळ्या वाळत येतात, आणि मग दुबळ्या झाडाच्या शोधांत असलेला भिरूड खोडांत शिरतो. भुसा बाहेर पडलेला दिसेपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो. बाग करारानें देणाऱ्या प्रत्येक मालकानें निदान दसऱ्याच्या सुमारास एक फेरी मारून एवढें तरी पाहून यावें.

कांहीं मित्र म्हणतात, औषधाचें नांवच काढूं नका, तें बंद करा. आम्हांस हें पटत नाहीं. योग्य मात्रेनें, सशक्त झाडास, खताच्या जोडीनें दिलेल्या औषधानें झाडें मेलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. उलट स्वतः बाग करणारे आणि दोरी घेऊन विस्तार मोजणारे बागाइतदार त्याच्या आधारावर उभे आहेत. औषध न वापरणाऱ्याच्या बागेविषयीं आम्हांस आदर आहे, पण वर्षाआड रिकाम्या जाणाऱ्या झाडावर कर्जाचा हप्ता कसा भागवावा याचें उत्तर त्या आदरांत सांपडत नाहीं. दोष औषधाचा नाहीं. ज्याचें झाड नाहीं त्याच्या हातीं बाटली जाते, हा दोष आहे.

दुसरे म्हणतात, मग करार लांब मुदतीचा करावा. सात-आठ वर्षें बाग हातीं राहणार म्हटल्यावर करारदार तिला स्वतःची समजून राखील. यांत बरेंच तथ्य आहे, आणि एका वर्षाच्या करारापेक्षां पांच वर्षांचा करार आम्ही केव्हांही पसंत करूं. परंतु लांब कराराला शेवटचें वर्ष असतेंच. पहिलीं चार वर्षें जपून वागलेला माणूस पांचव्या वर्षीं हात आंखडील, कीं सैल सोडील? शिवाय हें औषध जमिनींत वर्ष उलटलें तरी शिल्लक राहतें. जुना करारदार जातांना सढळ हातानें ओतून जातो. नवा येतो त्यास आधींचें कांहींच ठाऊक नसतें, म्हणून तो आपली मात्रा पुरी ओततो. आणि झाडास दोघांचें मिळून पचवावें लागतें. मुदत वाढविल्यानें हा धोका दूर जात नाहीं, फक्त पुढें ढकलला जातो.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे, कीं औषधाची बाटली मालकानें आपल्या हातीं ठेवावी. खर्च करारदाराचा असावा, हरकत नाहीं. पण विस्तार मोजणें, मात्रा ठरविणें आणि ओतणें हें मालकाच्या किंवा त्यानें नेमलेल्या माणसाच्या देखत व्हावें, आणि तें करारांत लिहिलेलें असावें. जुलै-ऑगस्टांतील दोन दिवसांचें हें काम आहे. गणपतीस गांवीं येणाऱ्या चाकरमान्यानें तीच रजा महिनाभर आधीं घेतली तर होण्यासारखें आहे. गणपतीची रजा सोडण्यास कोणी तयार होणार नाहीं हें आम्ही जाणतों, तेव्हां भावकींतल्या एखाद्या जबाबदार माणसावर तें सोंपवावें. एक साधी वही घालावी, झाडांस क्रमांक द्यावे, आणि प्रत्येक झाडापुढें विस्तार, मात्रा, तारीख व खत एवढें मांडावें. करारदार बदलला तरी वही मालकापाशीं राहील, आणि नव्यास ती दाखवितां येईल. सतत कांहीं वर्षें औषध घेतलेल्या झाडास दर वर्षीं पुरी मात्रा देऊंच नये, मधून एखादें वर्ष तें अजीबात मोकळें सोडावें, असें आमचें मत आहे. आणि कराराच्या शेवटच्या वर्षीं तर मात्रा ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं मालकाचा असावा. यामुळें कराराची रक्कम थोडी उतरेल. ती उतरूं द्यावी.

खताविषयींही कागदांत लिहावें. शिफारशीचें खत कोणीं घालावयाचें, कोणत्या महिन्यांत, आणि न घातल्यास किती रक्कम कापावयाची, हें ठरलें म्हणजे पुरे. वाळलेल्या फांद्या, बांडगूळ आणि भिरूड यांचा बंदोबस्त कोणाकडे, हेंही त्याच कलमांत येईल. बाकीच्या गोष्टी, राखण, काढणी, पेट्या, या करारदारास आपल्याहून अधिक कळतात. त्यांत मालकानें नाक खुपसूं नये.

कांहीं ठिकाणीं फळावर सौदा करण्याची चाल आहे. म्हणजे औषध, खत आणि पहिल्या फवारण्या मालकानें कराव्या, आणि फळ धरल्यावर तें पाहून रक्कम ठरवावी. झाडाच्या दृष्टीनें याहून उत्तम रीत नाहीं, कारण झाडाच्या मुळांशीं काय जातें तें मालकच ठरवितो. पण फळ धरेपर्यंतचा खर्च मालकास आपल्या खिशांतून करावा लागतो, आणि मोहोर फसला तर तो सर्व अंगावर येतो. ज्याची निकडच उचलीसाठीं आहे त्याला ही रीत परवडणार नाहीं, हें उघड आहे. येथें आपल्या सहकारी संस्थांनीं पुढें यावें अशी आमची सूचना आहे. खत आणि फवारणीपुरतें मोसमी कर्ज बागाइतदारास पालवी जून होण्यापूर्वीं मिळालें, तर आषाढांत करारदाराच्या उचलीसाठीं हात पसरण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाहीं. तसेंच, ज्यांचा गांवीं कोणी नाहीं अशा सभासदांच्या बागांत विस्तार मोजून औषध घालण्यासाठीं संस्थेनें दोन शिकलेले तरुण जुलै-ऑगस्टांत मजुरीनें ठेवण्यास काय अडचण आहे? दर झाडामागें थोडी फी घेतली तरी सभासद ती आनंदानें देतील. आपल्या पुढील सभेंत हा विषय मांडण्याचा आमचा विचार आहे, आणि विरोध झाला तर तो बहुधा करारानें बागा घेणाऱ्या सभासदांकडूनच होईल. त्यांनींही तो मोकळेपणानें करावा.

२०१८ सालीं पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पांच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. परप्रांतींचा आंबा आपल्या नांवानें विकला जाऊं नये यासाठीं तें आवश्यक होतें, आणि तें मिळाल्यावर आपण सभा भरविल्या, पेढे वांटले. ज्या झाडांच्या फळास तें नांव लागावयाचें, तीं झाडें मात्र त्याच वर्षीं नेहमींप्रमाणें चहाच्या कपावर, तोंडी बोलीनें, हातोहात गेलीं.

ज्यांच्या बागा अगोदरच खालावल्या आहेत त्यांसाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. प्रथम औषध पूर्ण थांबवावें. मोहोर आला नाहीं तरी घाबरूं नये. झाडाला आतां पालवीची गरज आहे, फळाची नाहीं. खत शिफारशीप्रमाणें सुरू करावें, शेणखतांत हात आंखडूं नये, आणि पाणी असेल त्यानें पाऊस संपल्यावर कांहीं महिने आळ्यांत पाणी द्यावें. वाळलेल्या फांद्या जिवंत भागापर्यंत कापून जखमांस बोर्डो मलम लावावें. भिरडाचें भोंक दिसतांच तारेनें अळी काढावी. हें काम पुढच्या आठवड्यावर टाकूं नये. फार जुनीं आणि उंच झालेलीं झाडें असतील तर जाणत्याच्या सल्ल्यानें भारी छाटणी करून नवी फूट घेतां येते, परंतु त्यानंतर दोन-तीन वर्षें उत्पन्न नाहीं असें धरून चालावें, आणि छाटलेल्या झाडाकडे भिरूड हटकून धांव घेतो, म्हणून राखण दुप्पट करावी. एवढें करूनही सर्व झाडें वांचतील असें वचन आम्हांस देतां येत नाहीं.

आमच्या चाळीसांपैकीं सहा झाडें गेलीं. आठ झाडें छाटलीं आहेत, त्यांवर सध्यां नवी फूट डोक्याएवढी झाली आहे. उरलेल्या सव्वीसांस गेलीं दोन वर्षें आम्हीं औषधाचा थेंब दाखविलेला नाहीं. गेल्या कार्तिकांत त्यांतील सतरा झाडांवर तांबूस पालवी आली, आणि तिच्यांतील पेरें मोजलीं तर बोटभर लांब भरलीं. यंदाही एक करारदार ओटीवर येऊन गेला. आम्हीं त्याच्यापुढें वही ठेविली, ती त्यानें उलटसुलट चाळली, आणि विचार करून सांगतों म्हणून तो उठला. अद्याप त्याचें उत्तर आलेलें नाहीं.